आत्याबाईचा चीक

आमच्या कळपात एक म्हातारी मेंढी होती. तिला सगळे आत्याबाई म्हणत. शेडमध्ये कुणाचंही कोकरू ओरडलं की ही पुढे. हुंगणार, चाटणार, आणि त्याच्या सख्ख्या आईलाच ढुशी देऊन बाजूला सारणार. "आली बघा चौकशीला," असं हे म्हणायचे, तेव्हापासून नाव पडलं. स्वभाव आगाऊ, पण कास मोठी आणि पान्हा असा की तिचं स्वतःचं कोकरू पिऊन झोपलं तरी सडातून थेंब गळत राहायचे.

हे म्हणजे आमचे मालक. मेंढ्यांच्या संशोधन केंद्रात आम्ही दोघं आयुष्यभर कामाला. हे कळप बघायचे, मी व्यायच्या हंगामात शेड सांभाळायची. बाटल्या उकळणं, पेंढा बदलणं, गारठलेली कोकरं पोत्यात गुंडाळून दिव्याखाली ठेवणं. केंद्राच्या कुंपणाला लागूनच आमच्या दोन खोल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेडचा पत्रा दिसतो आणि त्याच्या पलीकडे प्रयोगशाळेची पांढरी इमारत. त्या इमारतीत आमची सून काम करते. ती इथे संशोधनाला आली, तेव्हा मुलगा सुट्टीवर घरी होता. तो जहाजावर असतो. सुट्टी संपून तो गेला, आणि पुढच्या सुट्टीत दोघांचं लग्न झालं. त्यामुळे वर्षातले बरेच महिने घरात आम्ही तिघंच.

यांचं आणि मुलाचं बोलणं म्हणजे "पोचलास का" आणि "ठेवतो". सुनेशी मात्र तोंड बंद व्हायचं नाही. ती संध्याकाळी आली की हे विचारायचे, "काय म्हणतात तुझी मेंढरं?" मेंढरं सांभाळायची यांनी, पण म्हणायचं "तुझी".

तिची मेंढरं म्हणजे ती वेगळी. त्यांच्यात एक जनुक वाढवलेलं होतं. सून पहिल्यांदा समजावून सांगायला बसली तेव्हा म्हणाली, "आई, अंगात जंतू शिरला की तो ओळखणारा एक पहारेकरी असतो. सगळ्यांच्यात असतो, तुमच्यात, माझ्यात, मेंढीत. तो ओरडला की बाकीचे जागे होतात, ताप येतो, जंतूशी झुंज सुरू होते. आम्ही या कोकरांना त्या पहारेकऱ्याच्या जनुकाची एक जास्तीची प्रत दिली आहे."

"म्हणजे दोन पहारेकरी," हे म्हणाले.

"दोन नाही, पुष्कळ. पण प्रत नुसती असून भागत नाही, बाबा. ती वाचली जायला हवी. पेशीने ती उघडून वाचली, तरच पहारेकरी तयार होतो. आम्ही रक्तात तेच मोजतो. किती वाचलं जातंय."

हे मला चटकन कळलं. आमच्या घरी वर्तमानपत्र लग्नाच्या आधीपासून येत होतं, मी ते वाचायला लागले मुलगा जहाजावर गेल्यावर. तोवर ते घरात असून नसल्यासारखंच.

त्या मेंढ्यांची व्यवस्था कडक. दुहेरी कुंपण, दुहेरी दार, दाराशी औषधी पाण्याचा हौद. त्यात बूट बुडवल्याशिवाय आत पाऊल नाही. तिथली कुठलीच गोष्ट बाहेर जायची नाही. लोकर नाही, दूध नाही, मेलेलं जनावरसुद्धा नाही. ते तिथल्याच भट्टीत. ज्या मेंढ्यांच्या पोटात बदललेली कोकरं होती त्यांच्या कानात पिवळा बिल्ला, आणि शेजारच्या खणात तेवढ्याच साध्या मेंढ्या, त्यांना निळा. कोकरू जन्मलं की त्यालाही आईच्याच रंगाचा बिल्ला. साध्या का, तर फरक कशाशी ताडून बघायचा म्हणून.

पहिल्या हंगामात कोकरं छान झाली. ती महिन्याभराची झाल्यावर सुनेने आणि तिच्या मॅडमनी चाचणी घेतली. मॅडम म्हणजे तिच्या विभागाच्या प्रमुख, उंच, सडपातळ, कायम थंडी वाजत असल्यासारख्या शाल घेऊन फिरणाऱ्या. मेलेल्या जंतूचा अगदी थोडा अंश प्रत्येक कोकराला टोचला आणि मग ताप मोजत बसल्या. पिवळ्या बिल्ल्यांची कोकरं पटकन तापली आणि पटकन उतरली. निळी रेंगाळली. उशिरा तापली, मान टाकून पडून राहिली, दुसऱ्या दिवशीही अंग कोमट. रक्त तपासलं तर पिवळ्यांमध्ये ते जनुक भरभरून वाचलं जात होतं.

त्या आठवड्यात सुनेचे पाय जमिनीला लागत नव्हते. या कामावर तिची पदवी अवलंबून होती, आणि नुसती पदवी नाही. हा जंतू मेंढ्यांचे गाभ पाडतो आणि मेंढरांतून माणसांनाही धरतो. यांचा थोरला भाऊ त्याच तापाने वर्षानुवर्षं झिजला होता. ताप यायचा, जायचा, पुन्हा यायचा. दिराचं जे झालं ते यापुढे कुणा मेंढपाळाचं होऊ नये, असं सून एकदा बोलून गेली होती, आणि हे उठून बाहेर गेले होते.

तर एका दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. सून ताटातलं नुसतं इकडचं तिकडे करत होती.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"एक कोकरू डोकं खातंय, आई. निळ्यांतलं आहे. साधं. पण चाचणीत पिवळ्यांसारखं वागलं. ताप आला आणि लगेच उतरला. मला वाटलं बिल्ल्यांची अदलाबदल झाली. दोनदा तपासलं. त्याच्यात आमचं जनुक नाहीच."

"कुठलं, ते काळ्या कानाचं?" यांनी विचारलं.

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"त्याची आई वितानाच गेली ना. मीच पाजून जगवलंय त्याला." हे आरामात घास चावत म्हणाले. "आत्याबाईचा चीक पाजला. दगड पाजला असता तरी जगलं असतं इतका दाट."

चीक म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं दूध, पिवळं, मधासारखं. कोकराला पहिल्या काही तासांत ते मिळालं नाही तर ते वाचणं अवघड. प्रत्येक शेडवाल्याची रीत असते, एखादी दुधाळ म्हातारी मेंढी व्याली की तिचा जास्तीचा चीक पिळून छोट्या बाटल्यांतून गोठवून ठेवायचा. कुणाची आई मेली, कुणाचं दूध उतरलं नाही, की बाटली कोमट पाण्यात धरायची आणि पाजायची. कडकडीत पाण्यात धरली की फाटतो, म्हणून ते काम माझं. यांना धीर नाही.

सुनेने हातातला घास ताटात ठेवला.

"आत्याबाईचा?"

"मग कुणाचा? तिच्याइतका चीक आहे कुणाला?"

"बाबा," ती सावकाश म्हणाली, "आत्याबाईला आमच्या प्रयोगशाळेने कितीतरी वर्षं हाच जंतू टोचला आहे. मेलेला. तिचं रक्त चाचण्यांना लागतं म्हणून."

"माहितीये की. मीच धरून उभा राहायचो. लाथा खाल्ल्यात तिच्या."

"आणखी कुणाला पाजला तो चीक?"

आता यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जसं लहान मुलाने स्वतःच्या हाताने केलेली वस्तू दाखवावी. "पिवळ्या सगळ्यांना. एकाला सोडलं नाही. जन्मलं की आधी बाटली, मग आईचं दूध. म्हटलं, पोरीची मेंढरं आहेत, त्यातलं एकही जाता कामा नये. विचार हिला, डोळ्यात तेल घालून केलंय. निळ्यांना त्यांच्या आया होत्या, त्या पाजत होत्या, चाललं होतं त्यांचं."

मी मान हलवली. बाटल्या मीच कोमट केल्या होत्या. मलाही त्यात कौतुकच वाटत होतं.

सुनेने हात धुतला. ताट तसंच. "मी येते," म्हणाली आणि प्रयोगशाळेकडे गेली. खिडकीतून दिसलं, ती रस्त्याने न जाता गवतातून सरळ चालली होती.

"हिला काय झालं?" हे म्हणाले. "पाजलं ते चुकलं का माझं?"

"मला काय ठाऊक," मी म्हटलं. आणि तिचं ताट झाकून ठेवलं.

संध्याकाळी ती आली तेव्हा रडून आलेली नव्हती. रडून आली असती तर बरं झालं असतं. चहा घेतला आणि आम्हा दोघांना समोर बसवून तिने सगळं नीट सांगितलं. कोकरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात जंतूंशी लढणारं स्वतःचं काहीच नसतं. पहिल्या दिवशी त्याचं आतडं जाळीसारखं उघडं असतं. आईने आयुष्यभर जे आजार सोसले, त्या सगळ्यांशी लढलेल्या तिच्या अँटीबॉडी चिकातून थेट त्याच्या रक्तात उतरतात. मग जाळी मिटते. आत्याबाईने तो जंतू इतक्यांदा पाहिलेला, की तिचा चीक म्हणजे त्या जंतूवरचं औषधच.

"मग चांगलंच झालं की," हे म्हणाले.

"कोकरांचं चांगलं झालं, बाबा. माझं नाही. पिवळ्यांचा ताप लवकर उतरला तो आमच्या जनुकामुळे की आत्याबाईमुळे, हे आता कसं सांगू? पहारेकरी ओरडला म्हणून चोर पळाला, की चोर येण्याआधीच घरात शेजारी दंडुका घेऊन बसले होते?"

"पण तू म्हणालीस ना, रक्तात ते वाचलं जातंय म्हणून," मी म्हटलं.

"ते जातंय. तेवढं खरं आहे. पण वाचल्याचा उपयोग झाला का, ते सांगता येत नाही."

मी आपली बाजू सावरायला गेले. म्हटलं, "अगं, ते काळ्या कानाचं एकच तर वेगळं वागलं. तेवढं एक काढून टाक. तांदळात खडा निघाला तर आपण तांदूळ टाकतो का? खडा टाकतो."

ती माझ्याकडे बघून हसली. त्या दिवसातलं पहिलं हसू, पण ते दमलेलं होतं. "आई, तो खडा नाही. सगळ्या पातेल्यात तेवढाच एक शिजलेला दाणा आहे. त्याच्यामुळे कळलं की बाकीचं कच्चं आहे."

दुसऱ्या दिवशी ती मॅडमना सांगायला गेली. हेही गेले. तिने नको म्हटलं होतं, पण यांनी धुतलेला सदरा घातला आणि तिच्या मागून चालू लागले. मी काही तिथे नव्हते. यांनी येऊन सांगितलं ते सांगते. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, शाल सारखी केली. वरच्या लोकांना त्या निकाल सांगून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "छापून आल्यावर कळलं असतं तर?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "तर तोंड लपवायला जागा नसती."

यांनी हात जोडले. म्हणाले, "चूक माझी आहे. हिला काही बोलू नका. मला कामावरून काढायचं तर काढा."

त्यावर सून मध्येच बोलली, "मॅडम, चूक माझीही आहे. पिवळे कोण, निळे कोण, हे शेडमध्ये कुणाला कळायलाच नको होतं. बिल्ले रंगाचे मी लावले. आणि कोकरू जन्मल्यावर पहिल्या दिवशी त्याच्या पोटात काय जातं, हे मी कधी विचारलंच नाही."

"आणि मी तुला विचारायला सांगितलं नाही," मॅडम म्हणाल्या. मग यांच्याकडे वळल्या. "काका, तुम्ही आमच्या जनावरांना जीव लावलात. त्याबद्दल कुणी कुणाला काढत नाही. फक्त यापुढे जीव सगळ्यांना सारखा लावा."

हे घरी आले ते या वाक्यावर चिडून. "सारखा जीव लावा म्हणे! औषध आहे का ते, मापून द्यायला? आयुष्यात कुणी सारखा जीव लावला आहे का? माझ्या आईने लावला नाही, तू लावला नाहीस."

"मी कुणाला कमी लावला?"

"मला," हे म्हणाले, आणि दोघंही हसलो. पण त्या रात्री हे जेवले नाहीत.

मग वर्षभर वाट बघणं आलं. सुनेची पदवी पुढे गेली. तिच्याबरोबर लागलेली एक मुलगी काम पुरं करून मोठ्या जागी निघून गेली, जाताना तिने पेढे वाटले नाहीत, सुनेचा हात हातात घेऊन डोळ्यात पाणी आणलं, ते सुनेला जास्त लागलं. मुलगा फोनवर म्हणाला, "अगं, कुणी विचारलं नसतं तर तू सांगितलंच कशाला?" सून म्हणाली, "कोकराने विचारलं होतं." तिकडे लाटांचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "बाबा कसे आहेत?" इतक्या वर्षांत आपणहून त्याने पहिल्यांदा विचारलं असेल.

हे बरे नव्हते. म्हणजे आजारी नव्हते. कळप नीट बघत होते, पण सुनेला "तुझी मेंढरं काय म्हणतात" हे विचारणं बंद झालं. ती घरात आली की काहीतरी काम काढून उठायचे. शेवटी एकदा तिनेच दारात अडवलं.

"बाबा, अबोला धरायचा तर मी धरायला हवा. तुम्ही का धरलाय?"

"मी कुठे धरलाय. तोंड दाखवायची लाज वाटते."

"मग तोंड दाखवू नका, पाठ करून बसा. पण बसा."

आणि हे खरोखर भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसले. ती हसायला लागली, मग हेही हसले, पाठमोरेच. खांदे हलत होते तेवढं दिसलं.

नव्या हंगामाची तयारी वेगळी होती. सगळ्या मेंढ्यांना एकच पांढरा बिल्ला, नुसते आकडे. सगळ्या एकाच खणात मिसळलेल्या. कुणाच्या पोटात काय आहे ते फक्त सुनेला माहीत. आत्याबाईला कुंपणातच, पण पार पलीकडच्या टोकाच्या जुन्या शेडमध्ये हलवलं. तिने दोन दिवस ओरडून उच्छाद मांडला. गोठवलेल्या बाटल्या शिल्लक होत्या, त्याही तिकडच्या फ्रीजमध्ये. सुनेचा नियम असा, की कोकराने प्यायचं ते आपल्याच आईचं. एखादं मरायलाच टेकलं, तर बाटली जरूर पाजायची. पण बाटली पाजली की ते कोकरू गणतीतून बाद. त्याच्या पाठीवर लाल खूण, आणि ते जुन्या शेडमध्ये.

"आणि बाद करायचं की नाही, ते कोण ठरवणार?" यांनी विचारलं.

"तुम्ही. कुठलं जगेल, कुठलं नाही, हे तुम्हाला हात लावून कळतं. आणि कुठलं कुठल्या गटातलं, हे तुम्हाला माहीत नाही. म्हणून तुम्हीच."

हे मला बाजूला घेऊन म्हणाले, "ओळखता येईल गं. इतकी वर्षं मेंढरात गेली." सुरुवातीचे दिवस हे प्रत्येक कोकरापाशी उकिडवे बसून निरखायचे. डोळे बघ, खूर बघ, उभं राहायला किती वेळ लागला बघ. "हे तिचं," म्हणायचे. थोड्या वेळाने, "नाही, हे साधं दिसतंय." शेवटी उठून गुडघे चोळत म्हणाले, "आत काय बदललंय ते बाहेर काही दिसत नाही बुवा." मग सगळीच त्यांना तिची वाटायला लागली असावीत. कारण सगळ्यांशी सारखं बोलणं सुरू झालं.

हंगाम जवळजवळ पार पडला होता. कोकरं थोडी, एकेक मोलाचं. दोन्ही गटांत मोजकीच. सून बोलून दाखवत नव्हती, पण एखादं जरी कमी झालं तरी निकाल डळमळणार, इतकं मला कळत होतं. आणि शेवटच्या काही मेंढ्यांतली एक सकाळी अडली.

कोकराचे पाय मागे वळलेले. यांनी हात घालून सोडवलं, तोवर फार वेळ गेला होता. मेंढी थकून आडवी पडली, कासेत दूध नाही. कोकरू पेंढ्यावर ओलं, चपटं. मी पोत्याने चोळत होते. यांनी करंगळी त्याच्या तोंडात घातली. कोकराची धुगधुगी बघायची ती रीत. तोंड ऊबदार असेल तर वेळ आहे, गार असेल तर नाही.

"गार आहे," हे म्हणाले.

सून दाराशी होती. तिचे बूट अजून औषधी पाण्याने ओले होते. यांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. तिने लगेच तोंड फिरवलं आणि खुंटीवरची दोरी उगाच सारखी करायला लागली.

"पोरी," हे म्हणाले. "आईचा पान्हा थोड्या वेळाने येईलही. तोवर तग धरला तर गणतीत राहील. नाही धरला तर..."

"तुम्ही ठरवा, बाबा."

"हे आपल्यातलं आहे का तेवढं सांग."

"नाही सांगणार."

"बरं, नको सांगू. पण तोंड तरी इकडे कर."

"तेच तर करत नाहीये मी."

दोरी दोन्ही हातांत धरून ती उभी राहिली. यांनी कोकराकडे बघितलं, मग मेंढीच्या कासेला हात लावला, पुन्हा कोकराच्या तोंडात बोट घातलं. मला यांच्या कपाळावरची शीर दिसत होती. मागच्या वर्षी ज्या हातांनी विचार न करता बाटली धरली होती, ते हात आता पेंढ्यावर टेकलेले. कोकराने मान थोडी उचलली आणि पुन्हा टाकली.

"अगं, जा, बाटली आण," हे मला म्हणाले. "वाट बघण्यासारखं नाही हे. कुणाचं का असेना."

मी जुन्या शेडकडे धावले. माझं धावणं म्हणजे काय, भराभर चालले. बाटली कोमट पाण्यात फिरवत आणली. यांनी कोकराला मांडीवर घेतलं, गळ्यावरून बोटाने खाली चोळत चोळत थेंब थेंब पाजलं. पहिल्यांदा तोंडाच्या कडेने सगळं बाहेर. मग एकदा घसा हलला. मग पुन्हा.

"गिळतंय," हे म्हणाले.

सून आली, खिशातून लाल रंगकांडी काढली आणि ओल्या लोकरीवर पाठीवरून एक रेघ ओढली. चेहरा अगदी कोरा. हे कोकरात गुंतले होते, त्यांनी वर पाहिलं नाही. मी पाहिलं. रंगकांडीला टोपण लावताना ते बसेना. तिने काढलं, पुन्हा लावलं, तरी तिरकंच बसलं, आणि ती ते तसंच खिशात टाकून पुढच्या मेंढीकडे गेली. कोकरू कुठल्या गटातलं, ते मला कळलं. मी यांना अजून सांगितलेलं नाही.

लाल रेघेचं कोकरू दुपारी जुन्या शेडमध्ये नेलं. दार उघडायच्या आत आत्याबाई चौकशीला हजर. हुंगलं, चाटलं, आणि आम्हालाच ढुशी देऊन बाहेर काढलं.

चाचणी ठरल्याप्रमाणे झाली. ताप मोजले, रक्त गेलं, आकडे आले, मॅडम आणि सून दार लावून बसल्या. आम्हाला कळलं ते जेवताना. सून म्हणाली, "फरक आहे. मागच्या वर्षी दिसला तेवढा मोठा नाही. बदललेली कोकरं लवकर तापली, आणि थोडी लवकर उतरली. ज्यांच्यात जनुक जास्त वाचलं गेलं, ती जास्त लवकर. मागच्या वेळचा बराचसा भाग आत्याबाईचा होता. पण सगळा नाही."

"म्हणजे पहारेकरी ओरडतो," मी म्हटलं.

"ओरडतो, आई. हळू ओरडतो, पण ओरडतो. लहान गोष्ट आहे, अजून पुष्कळ तपासावं लागेल. पण ही उभी राहील."

हे खाली मान घालून जेवत होते. घास गिळून विचारलं, "यात माझं काही नाही ना शिरलं कुठे?"

"नाही, बाबा. या वेळी तुमचं काहीच नाही त्यात. नीट तपासलंय."

"बरं झालं," हे म्हणाले. "बरं झालं." पाणी प्यायले. भांडं खाली ठेवलं. खिडकीतून शेडच्या पत्र्याकडे बघत, अगदी हळू म्हणाले, "अगदीच काही नाही?"

सुनेने आपली खुर्ची ओढून यांच्या शेजारी घेतली आणि विचारलं, "बाबा, ते लाल रेघेचं कोकरू कसं आहे?"

"त्याला काय धाड भरलीये," हे म्हणाले, आणि मग बोलतच सुटले.